पालथी परात

हुपरी, ५ डिसेंबर

जोतीच्या आईस,

मी फोन केला की तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. तुझ्या भावाच्या, हंबीररावांच्या घरात रेंज नसते, म्हणून फोन परसातल्या काजूच्या फांदीला पिशवीत टांगलेला असतो, हे मला माहीत आहे. म्हणजे तो वाजला की तू चुलीपासून तिथवर चालत येतेस, आणि ठेवून द्यायला येतेस. त्यापेक्षा पत्र बरं. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. माझी चौथी, तुझी सातवी, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी तुझं सांग. बीपीच्या गोळ्या नेल्यास का? कपाटावरच्या डब्यात एक पाकीट तसंच आहे. चंदगडला तसल्या गोळ्या मिळतात का? तुमच्याकडं गारठा फार. कान बांधून झोप.

तू का गेलीस असं गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगतो, वासामुळं गेली. लोकांना लगेच पटतं. आपला कारागीर भीमाप्पा तर म्हणाला, "वैनी इतकं दिस राहिल्या हेच लई झालं, केरबा. मी असतो तर दसऱ्यालाच पळालो असतो." आणि हसला. दारातच उभा होता, आत आला नाही, नाकावर टॉवेल धरला होता.

वास आहेच. मी नाही म्हणत नाही. कौलाखाली अडकून मेलेल्या उंदराचा येतो तसा, आणि त्याच्यावर गोडसर. गोडसर आहे म्हणून जास्त किळस येते. सकाळी डोळा उघडायच्या आधी तो येतो. जोतीनं कसलासा मोगऱ्याचा फवारा आणलाय. तासातासाला येऊन मारतो. आता खोलीत मोगऱ्यात घातलेला मेलेला उंदीर आहे. जेवण जात नाही. आमटीला तोच वास, पाण्याला तोच वास.

पायाची पट्टी मीच बदलतो. खाली बघत नाही. डोळे मिटून सोडतो आणि डोळे मिटून गुंडाळतो. तू होतीस तोवर रोज तूच धुवायचीस, मी भिंतीकडं तोंड करून बसायचो आणि विचारायचो, "कसं हाय?" तू म्हणायचीस, "बरं हाय. भरत आलंय." आता विचारायला कोण नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, रोज बघायचं, रोज साफ करायचं, पाय टेकायचा नाही. नाहीतर आधी बोटं जातील, मग पाय. हे तू तुझ्या कानांनी ऐकलं आहेस. तरी गेलीस.

संयोगिताला मी पाय दाखवत नाही. सून आहे. ती अजून तेच उगाळते. परवा तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, आबांनी मला किती शिव्या दिल्या त्या दिवशी!" ती त्या भाजण्याची गोष्ट. मी बत्तीच्या जाळानं पैंजणांना जोड लावत होतो, मांडी घालून, आणि मांस करपल्याचा वास आला. मी ओरडलो, "संयोगिता, काय जाळालीस गं आत?" ती बाहेर आली, म्हणाली, "आबा, आज एकादशी हाय. आत चूलच पेटली न्हाय." मग तूच खाली बघितलंस. तापलेल्या चांदीचा थेंब माझ्या अंगठ्याखाली जाऊन बसला होता आणि धूर माझ्याच पायातून येत होता. मला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं.

ती हसते. मला ते आठवलं की मळमळतं. स्वतःचं मांस करपलेलं आणि मला वाटलं, घरात मटण लागलं.

पत्र मिळालं की कळव. नको कळवूस तर नको, पण मिळालं एवढं कळव.

केरबा

*

हुपरी, १४ डिसेंबर

जोतीच्या आईस,

पोस्टमनला विचारलं. म्हणाला, "पत्र गेलं असंल की. आजकाल कोण पत्र लिव्हतंय, त्यामुळं हरवाय काय गर्दी न्हाय." म्हणजे ते मिळालंय आणि तू गप्प आहेस.

एक घाण गोष्ट लिहितो. तू जेवायला बसली असशील तर आधी जेवून घे, मग पुढं वाच.

भीमाप्पानं एक लेप आणून दिला. कसलासा पाला, हळद आणि शेणाची राख. त्याच्या मेहुण्याची जखम त्यानं भरली म्हणे. मी लावला. कारण कुणीतरी काहीतरी आणलं होतं, आणि मला दवाखान्यात जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं ते तुला माहीत आहे. बाई विचारतील, हे असं कशानं झालं, आणि मग मला सांगावं लागेल.

चार-पाच दिवसांनी मी कट्ट्यावर उन्हात बसलो होतो. संयोगिता चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. पट्टीतून काहीतरी फरशीवर पडलं होतं, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. मग ते चाललं. तिनं कप ठेवला, नीट ठेवला, सांडला नाही, आणि मोरीत जाऊन ओकली. मी ऐकत बसलो. मला तिचा राग आला नाही. मला माझा पाय माझ्यापासून सोडवून रस्त्यापलीकडं फेकून द्यावासा वाटला. जिवंत माणसाला अळ्या पडतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, निदान मरेपर्यंत तरी त्या थांबतात.

जोतीनं त्याच दिवशी मला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं असतं. मी म्हणालो, सोमवारी जाऊ. तो म्हणाला, "आबा, आयला जाऊ द्यायचं न्हवतं. ती असती तर हे झालं असतं व्हय?" मी म्हणालो, "तिला वास सोसंना." तो म्हणाला, "आयला? वास?" आणि फवारा तिथंच आपटून गेला.

परात अजून परड्यात तिथंच आहे, तू पालथी घातलीस तशी. कुणी हात लावत नाही. दुपारी मांजर वर बसतं.

हे सगळं त्या डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानं झालं. ते दुसऱ्या खेपेचं, तू तेव्हा औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होतीस, त्यामुळं बाई काय म्हणाल्या हे तू ऐकलेलं नाहीस. मी विचारलं होतं, "एवढी मलमं लावली, मग भरंना का?" दानेश्वरीबाई चांगल्या आहेत, गडहिंग्लजकडच्या, घरी कानडी बोलतात पण आमच्याशी आमच्यासारखं बोलतात. म्हणाल्या, "आजोबा, जखम झाली की शरीर तिथं शिपाई पाठवतं. ते सूज आणतात, जंतू मारतात, मेलेलं मांस काढतात आणि काम झालं की परत जातात. मग नवीन मांस भरतं. तुमच्या रक्तात साखर जास्त. त्यामुळं ते शिपाई परत जातच नाहीत. तिथंच धुमसत बसतात आणि चांगलं मांसपण जाळतात." मी विचारलं, "साखरेनं असं का होतं?" त्यांनी एक इंग्रजी नाव सांगितलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस की कायसं, जोतीनं ते नंतर मोबाइलमध्ये मला ऐकवलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही हुपरीचे ना? चांदी उघडी पडली की काळी होते की नाही? तसंच समजा. जास्त साखरेनं शरीर आतून तसं काळं पडतं, गंजतं."

हे मला समजलं. इतक्या दिवसांत दवाखान्यात मला समजलेलं हे पहिलं वाक्य. चांदी काळी पडली तर काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पैंजणांचं काय झालं ते विचारू नकोस. ताप आहे. पुरे करतो.

केरबा

*

कोल्हापूर, दवाखाना, २१ डिसेंबर

जोतीच्या आईस,

सोमवारपर्यंत थांबावं लागलंच नाही. रविवारी रात्रीच थंडी वाजून मी बरळायला लागलो आणि जोतीनं उचलून आणलं. हाताला सुई आहे, दुसऱ्या हातानं लिहिता येत नाही, त्याच हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.

इथं मोठ्या खोलीत सगळे पायवालेच आहेत. कुणाचा घोटा, कुणाची टाच. सकाळी एकदम सगळ्यांच्या पट्ट्या सोडतात. तो वास मी तुला सांगणार नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस शिरोळकडचा, मोठा बागायतदार. तो पट्टी सोडताना संत्रं सोलून नाकाशी धरतो. काल मलाही एक फोड दिली. मी ती खाल्ली. तो म्हणाला, "पावणं, खायाची न्हाय, हुंगायची हाय. खाऊनच हितं आलाय न्हवं?" सगळे हसले. बादलीत पडलेले बोळे मात्र मी बघितले, हिरवे-पिवळे, आणि माझं हसू गेलं.

बाईंनी माझी पट्टी सोडली आणि वाकून जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "आजोबा, जखम कशानं घासली?"

"ब्रशनं."

"दातांच्या?"

"न्हाय. पैंजणाच्या."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

मग मी सांगितलं. तुलाही सांगतो, कारण तू शेवट बघितलास, सुरुवात बघितली नाहीस. तुला वाटत असेल मला भ्रम झाला. भ्रम नव्हता. त्या दिवशी मी रिठे फोडले, पाणी केलं, कोमट केलं, आपण पैंजणांच्या उजाळ्याला करतो तसं. परातीत पाय ठेवला आणि पितळी तारांचा ब्रश घेऊन घासायला लागलो. दुखत नव्हतं. जोडे घासावेत तसं. काळं सुटायला लागलं, पापुद्रे पाण्यावर तरंगायला लागले, आणि खालून लाल निघालं. आयुष्यात किती चांदी उजळली असेल, पण एवढा आनंद कधी झाला नाही. मला वाटलं, उद्या सकाळी मी तुला पाय दाखवीन. मी भिंतीकडं तोंड करणार नाही, तू माझ्या तोंडाकडं बघशील.

तेवढ्यात तुझी पावलं वाजली. मला एकदम लाज वाटली. पाय बाहेर काढला, धोतराखाली घेतला, आणि शेजारी टोपलीत लग्नसराईचे पैंजण होते ते सगळेच्या सगळे परातीत ओतले. तू दारात आलीस. विचारलंस, "काय करालाय?" मी म्हणालो, "पैंजण धुवालोय." तू पाण्याकडं बघितलंस. घुंगरांवर माझं कातडं चिकटलं होतं.

त्या पाण्याचा रंग आता मला झोपेत दिसतो.

पैंजणांना शेवटचं पाणी तू द्यायचीस. आपल्या घरात दुसरं कुणी दिलं नाही, आईनंतर तूच. बाईच्या पायात जायचं म्हणून बाईच्या हातचं पाणी, आणि तुझ्या माहेरच्या परातीत. तिच्या काठावर तुझ्या वडिलांचं नाव कोरलंय. मांडवात त्यांनी माझे पाय त्याच परातीत धुतले होते. तू ते त्या दिवशी बोललीसच. "माझ्या बानं ह्या परातीत तुमचं पाय धुतलं. तवा ते पाय धुण्याजोगं हुतं." मी त्यावर काय बोललो ते मला चांगलं आठवतं. मी म्हणालो, "रिठ्यानं समदं जातंय. एवढं काय? पुसून दे आन् पाठव." तू परात परड्यात नेऊन रिकामी केलीस, पालथी घातलीस. पैंजण माझ्यापुढं टाकलेस. "हे परत मुशीत घाला. वितळून नवं करा. मग मी येतो." आणि हंबीररावांना फोन लावलास.

वासामुळं गेली, हे मी लोकांना सांगतो. तूच तो वास इतके महिने हातानं धुतलास.

बाई हे सगळं ऐकून म्हणाल्या, "मी तुम्हाला चांदीचं सांगायलाच नको होतं. चूक माझी पण आहे." मग म्हणाल्या, "मेलेलं मांस काढायचं असतं, पण ते आम्ही काढतो, किती काढायचं ते बघून. तुम्ही खालचं जिवंत मांस फाडलंत. तिथं आधीच आग धुमसत होती, त्यात तुम्ही भाता मारलात. आणि गंज पायावर नाही हो आजोबा. तो रक्तात आहे. साखर उतरली की हळूहळू उतरतो. घासून नाही."

हाडापर्यंत गेलंय. अंगठा आणि शेजारचं बोट काढायचं म्हणतात. उशीर केला तर घोट्यापासून. परवा करणार.

बाईंनी विचारलं, "नंतर घरी रोज पाय कोण बघणार? तुम्हाला तळवा दिसत नाही आणि दुखलेलं कळत नाही. कुणीतरी रोज बघितलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं पुन्हा."

मी म्हणालो, "बायको."

"त्या आहेत कुठं?"

"भावाकडं. भातकापणीला."

त्या हसल्या. "आजोबा, मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आता कुठली भातकापणी?"

मला भीती वाटते. बोटांची नाही एवढी. शुद्ध हरपल्यावर मी काय बडबडेन त्याची.

केरबा

*

हुपरी, ४ जानेवारी

जोतीच्या आईस,

झालं. दोन्ही गेली. पट्टी इतकी जाड आहे की बोटं आहेत असंच वाटतं. कधीकधी अंगठ्याला खाज सुटते. नसलेल्या अंगठ्याला! आणि होता तेव्हा जळला तरी कळलं नाही. देवानं काय हिशेब केलाय कळत नाही.

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं विचारलं, बोटं कुठं आहेत. तिथला माणूस म्हणाला, "पिवळ्या पिशवीत गेली, आजोबा. गाडी येती, घेऊन जाती, जाळत्यात." मी विचारलं, "माझ्या एकट्याची वेगळी?" तो म्हणाला, "न्हाय ओ. समद्यांचं एकातच." तेव्हापासून मनातून जात नाही. माझा अंगठा कुणाच्या टाचेबरोबर, कुणाच्या घोट्याबरोबर त्या पिशवीत. मेल्यावर मला जाळतील तेव्हा अंगठा आधीच जळलेला असेल. हे चालतं का? तू गुरवांना विचार. माझं नाव सांगू नकोस, असंच विचार.

आता दुसरं.

त्या पैंजणांचं तुला मी खोटं सांगितलं नाही, पण सांगितलंही नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते फडक्यानं पुसले आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडं पाठवून दिले. जोतीला म्हणालो, आईनं शेवटचं पाणी दिलंय.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत शिरोळच्या माणसाची नवी सून आली, त्याला डबा घेऊन. पाय भरून पैंजण. आपले नव्हते, घुंगरू वेगळे होते, मला लांबून कळतं. पण ती खोलीतून चालत यायला लागली आणि तो आवाज जसजसा जवळ आला तसं मी पांघरूण पायावर ओढून घेतलं. ती सासऱ्याच्या पाया पडली, मग चांगल्या वळणाची म्हणून माझ्याही पडायला आली. तिच्या पायांकडं माझं लक्ष गेलं, गोरे, हळद अजून गेली नव्हती. मी पांघरुणात ओकलो. तिला वाटलं औषधानं झालं. तिनंच पाणी दिलं.

संध्याकाळी जोती आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. तो खाटेवर बसला होता तो उठून उभा राहिला.

"म्हंजे आयनं पाणी दिलंच न्हवतं?"

"न्हाय."

"आन् त्येच्यात तुमी पाय..."

"व्हय."

"आबा, लॉट कवाच गेलाय. आता दुकानात जाऊन काय सांगू? आमच्या म्हाताऱ्यानं पाय बुडवलता म्हणून?"

"व्हय. तसंच सांग."

"पिढ्यान्‌पिढ्याचं गिऱ्हाईक हाय ते! तोंडावर थुकंल."

"मग माझं नाव घे. माझ्यावर थुकू दे."

तो गेला. तसं सांगितलं नाही, उजाळा नीट बसला नाही म्हणून परत मागितले असं सांगितलं. धनुर्मास लागला, लग्नं थांबली, म्हणून बहुतेक जोड तसेच कपाटात होते. फक्त एक जोड विकला गेला होता. कुणी घेतला ते व्यापाऱ्याला आठवत नाही. निपाणीकडची माणसं होती म्हणे, मुलीची आई बरोबर होती, मुलगी लाजत होती.

तो जोड कुठं असेल? रात्री मी तेच ऐकतो. निपाणीकडं कुठल्यातरी घरात ती चालते आहे.

घरी आल्यावर मी खुर्ची कारखान्यातच मांडायला लावली. पाय स्टुलावर. जोतीनं मूस तापवली आणि माझ्यासमोर एकेक जोड आत टाकला. मला वाटलं, आता तो वास येणार, सगळ्या घरात येणार. मी नाकावर धोतर धरून बसलो. काही आलं नाही. चांदी पातळ झाली, वर थोडी मळी आली, जोतीनं ती काढली आणि खाली नेहमीसारखं चकाकत राहिलं.

जोती म्हणाला, "बसा आता हुंगत." पण मऊ आवाजात म्हणाला.

तुझी अट पुरी झाली म्हणून हे लिहीत नाही. एक जोड राहिलाच आहे.

केरबा

*

हुपरी, २० जानेवारी

जोतीच्या आईस,

काल हंबीररावांचा फोन आला. मी दचकलो, तुझं काही झालं की काय. ते म्हणाले, "दाजी, आक्का इचारत्यात, परात कुठं हाय?"

मी म्हणालो, "परड्यात हाय म्हणावं. पालथी."

"कुणी हात लावला काय?"

"मांजर बसतंय तेवढंच."

"बरं," म्हणाले, आणि बोलणं थांबलं. फोन मात्र ठेवला नाही. मग मागं कुणीतरी खोकलं. तूच खोकलीस. हंबीररावांना माहीत नसेल, पण तुझा खोकला मी बाजारात ओळखीन. काजूला मोहोर आलाय ना? त्याचाच असेल. घसा झाकून घे. छातीत गेला तर आधी डॉक्टरांना दाखव, काढे पीत बसू नकोस.

 आपण तिघंही फोनपाशीच होतो. शेवटी हंबीरराव म्हणाले, "दाजी, माझा हात अवघडला, ठेवू काय?"

आता ऐक. दवाखान्यातून आल्यावर पट्टी कोण बदलणार यावरून घरात रोज कटकट. मी संयोगिताला हात लावू देत नव्हतो. ती चिडली. म्हणाली, "सणासुदीला मी तुमच्या पाया पडतो तवा पाय चालतोय, आन् बघायचा म्हटलं की न्हाय व्हय?"  तूच शिकवलं असशील तिला असं बोलायला.

ती गिऱ्हाइकांचा आरसा घेऊन आली. तोच, बायकांना पायातले पैंजण दिसावेत म्हणून आपण जमिनीलगत ठेवतो तो बुटका. तिनं तो माझ्या पायाखाली तिरका धरला आणि म्हणाली, "बगा आता तुमीच. मी धरून हाय." मी भिंतीकडं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "आबा, हात दुखालाय माझा."

मी बघितलं.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पाय खालून नीट बघितला. अंगठ्याच्या जागी खळगा आहे, काठाला शिवण, मध्ये ओलं लाल, खाटकाच्या फळीवरचं असतं तसं. एका कडेला पिवळा पापुद्रा चिकटलेला. बाकीची बोटं एकटी पडल्यासारखी वाकडी झालीत. तळव्याला भेगा, भेगांच्या काठाला काळं. आणि त्या खालच्या कातडीवर जुन्या जखमेची हद्द अजून दिसते, केवढी होती ती, जवळजवळ निम्मा तळवा. संयोगितानं मान वळवली, एकदा उमासा आला तिला, तो गिळला आणि आरसा परत सरळ धरला. मला वाटलं मीही ओकेन. तोंडात पाणी सुटलं. पण नजर काढली नाही. बाईंनी सांगितलं होतं काय काय बघायचं ते बघितलं. लाली वर चढलीय का, नवीन काळं कुठं आलंय का, पू आहे का. मग दिलेल्या पाण्यानं साफ केलं, दिलेली जाळी लावली. भिजत घालायचा नाही, घासायचा नाही, फक्त पुसायचा. गूळपण बंद केला. मी म्हणायचो ना, गूळ म्हणजे साखर नव्हे. बाईंनी त्यावर नुसतं माझ्याकडं बघितलं.

आता रोज बघतो. रोज किळस येते. सवय होईल म्हणतात, झालेली नाही.

पण एक गोष्ट कळली. हे तुला रोज दिसत होतं. याच्याहून वाईट दिसत होतं. आणि मी भिंतीकडं तोंड करून विचारलं की तू म्हणायचीस, बरं हाय, भरत आलंय. त्या वेळी तुझं तोंड कसं होत असेल ते मी कधी बघितलं नाही.

चांदीचे नवे जोड तयार झालेत. जोतीनं आणि भीमाप्पानं केले, मी खुर्चीतून चुका काढल्या. भीमाप्पा म्हणाला, "बोटं गेली, जीभ ऱ्हायली." ते टोपलीत ठेवलेत. शेवटचं पाणी झालेलं नाही. व्यापाऱ्याची माणसं दोनदा येऊन गेली, जोतीनं त्यांना थांबायला सांगितलंय. संयोगिता म्हणाली, मी देतो पाणी. मी नको म्हणालो. तिला राग आला नाही, या वेळी.

परात घासायला हवी. चिंच लावायची की राख, ती ठेवायची की मोडीत द्यायची, की तुझ्याबरोबर माहेरी न्यायची, ते मी ठरवणार नाही. नाव तुझ्या वडिलांचं आहे.

पाय बघायला येऊ नकोस. तो मी बघतो. परात सरळ करायला ये.

केरबा

ता. क. दुपारच्या एसटीनं नको, ती गडहिंग्लजला फार वेळ थांबते. सकाळची धर. गोळ्या विसरू नकोस.

संयोगिता म्हणते, खोलीत आता वास येत नाही. जोतीपण म्हणतो. फवारा बंद केलाय. मला त्यांचं खरं वाटत नाही, माझ्या नाकाचा तर आता भरवसाच नाही. तू आलीस की सांग.